पहिल्या पितळी इंजिनाचा दिवस

मे महिन्यात अमरावतीत बारीक झाळकाम करायचं तर दिवसाचे दोन तुकडे पाडावे लागतात. सकाळी साडेदहापर्यंतचा एक आणि ऊन उतरल्यावरचा दुसरा. मधल्या वेळात पंख्याशिवाय बसवत नाही आणि पंखा लावून झाळता येत नाही. वाऱ्यानं जोड धड तापत नाही आणि दोन-दोन मिलिमीटरचे भाग टेबलावरून उडून जातात. म्हणून पितळेच्या पत्र्यातून बांधायचं पहिलं मॉडेल इंजिन हाती आलं, तेव्हा आधी वेळापत्रक ठरवलं. जयस्तंभ चौकाजवळ माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, ते आज बंद. काम एकच: रात्रीपर्यंत इंजिनाचा सांगाडा स्वतःच्या चाकांवर धावला पाहिजे. बॉयलर, धुराडं, केबिन यांना आज हात लावायचा नाही.

पहाटे ५.३०

खिडकी उघडी, टेबल खिडकीशी. पाकिटातून दोन पत्रे निघाले. पिवळा पत्रा पितळेचा, ०.३८ मिलिमीटर जाडीचा, वरच्या अंगासाठी. दुसरा राखाडी-पांढरा, जर्मन सिल्व्हरचा, ०.४५ मिलिमीटरचा, खालच्या सांगाड्यासाठी. इंजिनाचे सगळे भाग या पत्र्यांतच आहेत, फक्त बारीक दांड्यांनी कडेच्या चौकटीला धरलेले. चाकं, मोटर आणि गिअरबॉक्स वेगळे मागवावे लागले. अशा संचांत ते बहुधा नसतातच.

हे भाग कापलेले नाहीत, आम्लानं कोरलेले आहेत. पत्र्याच्या दोन्ही अंगांना उजेडाला जागणारा लेप लावतात, त्यावर आराखड्याची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश देतात, नको तिथला लेप धुऊन टाकतात आणि उघड्या पडलेल्या धातूला फेरिक क्लोराइड खाऊन टाकतं. दोन्ही बाजू उघड्या असतील तिथं आरपार भोक पडतं. एकच बाजू उघडी असेल तिथं निम्म्या जाडीचा खळगा राहतो. ही अर्धी कोरणीच या साऱ्या विद्येचा कणा आहे. पत्रा जिथं दुमडायचा तिथं अर्धी कोरलेली रेघ असते, जिथं रिव्हेट दिसायला हवा तिथं मागून अर्धा कोरलेला ठिपका असतो. त्या ठिपक्यावर बोथट सुई ठेवून हलकेच दाबलं की पुढून रिव्हेटचं डोकं उठतं.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हे नवं नाही. सर्किट बोर्डावरचं तांबं याच तपकिरी पाण्यात खातात, आणि दारावरच्या पितळी नावपाट्याही याच रीतीनं कोरतात. म्हणजे हे तंत्र आपल्या बाजारपेठेत कधीचंच आलेलं आहे. त्यातून इंजिन निघू शकतं, याकडे आपलं लक्ष गेलेलं नाही, इतकंच. इंग्लंडातले हौशी लोक गेल्या शतकाच्या सत्तरीपासून या रीतीनं इंजिनं बांधत आले आहेत.

६.१५

चहा आणि सूचनापत्र. ते कात्री हातात घेण्याआधी शेवटपर्यंत वाचायचं. सगळे भाग एकदम पत्र्यातून सोडवायचे नाहीत, कारण पत्र्यावर प्रत्येक भागाशेजारी आकडा कोरलेला असतो. भाग सुटा झाला की त्याची ओळख गेली. लागेल तेवढाच भाग, लागेल तेव्हाच सोडवायचा.

संच निवडताना घरात वाद झाला होता. मुलाचं म्हणणं, वऱ्हाडात राहून विलायती शंटिंगचं इंजिन कशाला? आपल्या शकुंतलेचं कर. त्याचं चूक नाही. पण मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जायची त्या गाडीच्या झेडडी इंजिनाचा तयार संच माझ्या पाहण्यात नाही. शिवाय पहिल्या हातानं मोठं इंजिन घेऊ नये. मोठ्या इंजिनाला जास्त आस, बाहेर सिलिंडर, पिस्टनचे दांडे, झडपा हलवणाऱ्या जोडण्या. त्यातला एक भाग अडला तरी सगळं अडतं. सहा चाकं, सिलिंडर फ्रेमच्या आत लपलेले, पाण्याची टाकी बॉयलरवरच बसवलेली, असं छोटं टँक इंजिन पहिल्या शिक्षणाला पुरतं. हे ४ मिलिमीटरला एक फूट या प्रमाणाचं आहे, म्हणजे १:७६. खऱ्या इंजिनाचं साडेतीन फुटी चाक इथं १४ मिलिमीटरचं होतं.

७.००

पहिलं काम साइड रॉडचं. सहाही चाकं एकत्र फिरवणारे हे दांडे. सुरुवात फ्रेमपासून करावी असं कोणालाही वाटेल. पण दांड्याच्या भोकांमधलं अंतर आणि फ्रेममधल्या आसांचं अंतर केसभरही वेगळं असेल तर इंजिन अडखळतं. म्हणून दांडे आधी करायचे आणि फ्रेम त्यांच्या मापाला आणायची.

प्रत्येक दांडा दोन पातळ थरांचा. दोन्ही थरांच्या भोकांतून एकच ड्रिल बिट घालून लाकडाच्या फळीत रोवायचं, म्हणजे थर सरकत नाहीत. मग कडेनं झाळ द्यायची. झाळ थरांच्या मधे ओढली जाते आणि दुसऱ्या कडेला चकाकी दिसली की समजायचं, आत पोचली.

नंतर कानस. आम्ल दोन्ही बाजूंनी खात येतं, त्यामुळे प्रत्येक कडेच्या मधोमध बारीक धार राहते. ती घासून काढली नाही तर भाग चपखल बसत नाही. मी घासायला सोनाराची बारीक कानस वापरतो. सराफ्यातल्या एका ओळखीच्या कारागिराकडून घेतली आहे. त्यानं झाळायला टाकणखारही देऊ केला होता. पण टाकणखाराचा उपयोग सोनाराच्या डागाला, जिथं धातू लाल होईपर्यंत तापवतात. एवढ्या आंचेनं हा पत्रा वाकडातिकडा होईल आणि आधी दिलेले सगळे जोड सुटतील. इथं कथील-शिशाची साधी झाळ लागते, जी १८३ ते १९० अंशांवर वितळते.

८.००

आता फ्रेम. दोन लांब पट्ट्या आणि त्यांना समांतर धरणारे आडवे तुकडे. तुकडे अर्ध्या कोरलेल्या रेघेवर काटकोनात दुमडायचे. रेघ नेहमी दुमडीच्या आतल्या अंगाला आली पाहिजे. एका फटक्यात दुमडायचं, मागंपुढं करायचं नाही. निम्म्या जाडीचा धातू दुसऱ्या वाकणीला तडकतो. दुमडल्यावर आतल्या कोपऱ्यात झाळेची एक रेघ सोडली की जोड भक्कम होतो.

दुकानात मी २५ वॉटची आयर्न वापरतो. रेडिओतल्या तारेला ती भरपूर होते, पण पत्र्यापुढे तिचं चालत नाही. पत्रा टोकाची सगळी उष्णता ओढून पसरवतो, झाळ गोळा होऊन बसते आणि जोड वरवर लागल्यासारखा दिसतो. इथं ५० वॉटची आयर्न आणि रुंद, छिन्नीसारखं टोक हवं. टोक भरपूर गरम, स्पर्श थोड्या वेळाचा. जर्मन सिल्व्हर पितळेपेक्षा उष्णता हळू नेतं, त्यामुळे नवशिक्याला ते जास्त मानवतं. सांगाडा त्या धातूचा ठेवण्यात शहाणपण आहे.

दुसरा फरक फ्लक्सचा. आम्ही रेडिओला राळ वापरतो. ती पत्र्याला चिकट थर ठेवते आणि बारीक कोपऱ्यांतून निघत नाही. पत्र्याचे डबे-चाळण्या करणारे मिठाच्या आम्लात जस्त विरघळवून लावतात, कल्हईवाला नवसागर टाकतो. दोन्ही जोरकस आहेत, पण अंश मागं राहिला की पितळ हिरवं पडतं. मॉडेलवाल्यांची पसंती पाणी घालून सौम्य केलेल्या फॉस्फोरिक आम्लाला. जोडावर ब्रशनं एक थेंब, टोकावर झाळेचा कण, आणि चर्र आवाजाबरोबर तो कण फटीत शिरतो. धूर नाकात जाऊ द्यायचा नाही, डोळ्यांना चष्मा लावायचा. पंखा बंद असल्यानं खिडकी उघडी हवीच. झाळेत शिसं आहे, तेव्हा हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला बोट लावायचं नाही.

९.१५

अकोल्याहून काका आले. मीटरगेजवर फिटर होते, निवृत्त होऊन बराच काळ झाला. सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरून ऑटोनं आले. त्यांनी टेबलावरचा सांगाडा उचलला, डोळ्यासमोर धरला आणि परत ठेवला.

"आरसा आन," म्हणाले.

आरशाची काच हा घरातला सर्वांत सपाट पृष्ठभाग. फ्रेम त्यावर ठेवून चारी कोपऱ्यांवर बोट दाबून पाहायचं. एखादा कोपरा टिकटिक वाजला तर फ्रेम पिळलेली आहे. आमची एका कोपऱ्यावर वाजली. काकांनी सांगितलं तसं मधल्या आडव्या तुकड्याचा जोड पुन्हा तापवला, फ्रेम काचेवर दाबून धरली आणि झाळ थिजू दिली. पितळकामात ही सवलत मोठी आहे. गोंदानं चिकटलेलं सोडवताना मोडतं, झाळलेलं पुन्हा तापवलं की सुटतं. म्हणून पहिल्यांदा प्रत्येक तुकडा एकाच ठिपक्यावर टाचायचा, काटकोन तपासायचा आणि सगळं सरळ आहे अशी खात्री झाल्यावरच पूर्ण रेघ भरायची.

९.४५

आसांची बेअरिंग. टोपीच्या आकाराच्या पितळी नळ्या फ्रेमच्या भोकांत बसवायच्या. भोकं मुद्दाम थोडी लहान कोरलेली असतात, ती रीमरनं मोठी करून घ्यायची. मी रीमर फिरवायला लागलो तसा काकांनी हात धरला.

"भोक मोठं करनं सोपं हाय, बाप्पा. लहान करता येत नाही. दोन फेरे मार, बेअरिंग लावून पाह्य. मंग अजून दोन."

बेअरिंग बसली, पण लगेच झाळली नाहीत. आसांच्या जागी लांब सळया घातल्या. त्यांची टोकं बारीक केलेली, साइड रॉडच्या भोकांत जातील अशी. दोन्ही बाजूंना दांडे चढवले. म्हणजे आता बेअरिंग कुठं बसायचं ते दांडे सांगत होते. सळया एकमेकींना समांतर आहेत का हे टोकांशी मोजून पाहिलं आणि मग एकेक बेअरिंग पक्कं केलं. दिवसभरातलं सर्वांत महत्त्वाचं काम या पाऊण तासात झालं. इथं आलेला दोष पुढं कुठल्याही रंगानं झाकला जात नाही.

१०.४५

भिंती तापल्या. आयर्न बंद.

सांगाडा धुवायचा. फ्लक्सचा अंश आजच निघाला पाहिजे, उद्यावर टाकला तर जोडाभोवती हिरवट बुरशी दिसते. घरातली तांब्यापितळेची भांडी ज्या गोष्टींनी निघतात त्यांनीच इंजिनही निघतं: चिंचेचं पाणी किंवा लिंबू, जुना टूथब्रश, मग भांड्याचा साबण आणि भरपूर पाणी. पितांबरीही चालते, फक्त तिची पूड बेअरिंगच्या भोकात राहता कामा नये. पत्नीनं देवघरातली समईही त्याच पाण्यात घातली. तिच्या मते आज घरात निघालेलं उपयोगी काम तेवढंच.

दुपारी १२.००

ज्वारीची भाकर, पाटोडीचा रस्सा, कैरीचं पन्हं. जेवताना काका धुळघाटावर आले. अकोल्याहून खंडव्याकडं जाणारी मीटरगेजची लाइन अकोटनंतर सातपुडा चढू लागायची. चढ सोसावा म्हणून धुळघाटला रुळांनी स्वतःलाच वळसा घातला होता. गाडी फिरून वर यायची तेव्हा ती आत्ताच ज्या रुळांवरून आली ते खाली दिसत. मेळघाटातून जाणारी ती लाइन २०१७ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. अकोला ते अकोट ब्रॉडगेजची गाडी २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. पुढचा रस्ता व्याघ्रप्रकल्पाबाहेरून न्यायचा, यावर मोठा खल झाला.

मीटरगेजची दोन इंजिनं काकांच्या तोंडी सारखी असतात. वायजी मालगाडीचं, वायपी सवारीचं. दोन्ही टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यातही बनत. वायजीचे साइड रॉड दोघांना मिळून उचलावे लागत, म्हणाले. माझ्या टेबलावरचा दांडा चिमट्यानं उचलावा लागतो. पण तपासायची रीत दोन्हीकडं एकच.

१.३०

कूलर लावला. या वेळेत आंचेशिवायची कामं. काका लवंडले, मी वही काढली.

मुलाच्या हट्टाचं गणित मांडून पाहिलं. शकुंतलेचे रूळ अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर. माझ्या संचाच्या ४ मिलिमीटर प्रमाणात ते नेमके १० मिलिमीटर होतात. पण बाजारात तयार रूळ मिळतात ते ९ मिलिमीटरचे. १:८७ हे प्रमाण घेतलं तर ७६२ चे ८.७६ होतात, म्हणजे ९ च्या रुळांवर चौथाई मिलिमीटरहूनही कमी फरक. १:८७ हे जगात सर्वाधिक चालणारं प्रमाण. तेव्हा वऱ्हाडच्या इंजिनासाठी तेच घ्यावं, असं ठरवून टाकलं.

मग इंजिन. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६, हा रेल्वेमार्ग किलिक निक्सन या कंपनीनं उभा केला. त्यासाठी १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. माल मुख्यतः कापूस. वऱ्हाडातला कापूस या अरुंद रुळांवरून मूर्तिजापूरला यायचा, तिथून मुंबईला आणि जहाजानं मँचेस्टरला. झेडडी इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्येच बनलं, १९२३ मध्ये या मार्गावर रुजू झालं आणि १५ एप्रिल १९९४ ला डिझेलनं त्याची जागा घेतली. सत्तर वर्षं एकाच मार्गावर राबलेलं इंजिन. देशात स्वातंत्र्यानंतर रेल्वे सरकारी झाली तरी हा मार्ग खाजगी मालकीचाच राहिला, आणि त्यावर गाड्या चालवल्याबद्दल रेल्वे त्या कंपनीला पैसे देत राहिली.

अमरावती आणि अकोल्यात पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, या गाडीची एखादी गोष्ट सांगेल. इंजिनाच्या चाकाचा व्यास मात्र कोणी सांगू शकत नाही. पत्रा कोरणाऱ्याला लागतो तो व्यासच.

४.००

लाइट गेली. कूलर थांबला तसे काका उठून बसले. चाकांचं काम हातात घेतलं, त्याला वीज लागत नाही.

चाकाला मधे आरे आणि बाहेर धातूची धाव असते. आस साधारण ३.२ मिलिमीटरचा. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर १४.५ मिलिमीटर हवं, नाहीतर सांध्यावरून जाताना चाक रुळावरून उतरतं. ते मापून चाकं दाबून बसवली.

आता खरी कसोटी. इंजिनाच्या एका बाजूची क्रँक पिन, म्हणजे चाकावरची साइड रॉड अडकवायची पिन, दुसऱ्या बाजूच्या पिनेच्या पाव फेरा पुढं असते. काकांनी कारण सांगितलं. वाफेच्या इंजिनात पिस्टन टोकाला जाऊन थांबला की त्या क्षणी त्याच्यात चाक फिरवायची ताकद नसते. दोन्ही बाजू एकदमच टोकाला आल्या तर गाडी जागची हलणार नाही. पाव फेऱ्याचा फरक ठेवला की एक बाजू थांबली तरी दुसरी ढकलत असते. माझ्या इंजिनाला ढकलणारी मोटर आहे, तेव्हा कोन बरोबर नव्वद अंशांचा नसला तरी चालतो. पण तिन्ही आसांचा कोन एकच असला पाहिजे. एकाचा ८८ आणि दुसऱ्याचा ९२ असेल तर दांडे एकमेकांशी भांडतात.

मधला आस आधी लावला. त्याला प्रमाण मानून एका टोकाचा आस जुळवला, दांडा चढवला, बोटानं फिरवलं. मग दुसऱ्या टोकाचा. एका जागी चाक अडत होतं. काकांनी डोळे मिटून सांगाडा पुढंमागं लोटला.

"डोयानं नाही पाह्याचं, बोटानं पाह्याचं. हे पाह्य, वरून खाली येतांनी अटकते."

अडचण कुठं आहे ते हुडकायची रीत सरळ आहे. एका बाजूचा दांडा काढायचा. चाकं मोकळी झाली तर दोष दोन बाजूंच्या कोनात. तरीही अडली तर राहिलेल्या दांड्याच्या भोकात. आमचा दोष मागच्या आसाच्या कोनात निघाला. चाक आसावर किंचित फिरवलं आणि अडथळा गेला. भोकं मोठी करून अडथळा घालवण्याचा मोह इथं होतो. तसं केलं तर चाकं फिरतात, पण इंजिन लंगडत चालतं.

६.३०

लाइट आली, ऊन उतरलं, आयर्न पुन्हा लावली. दांडे पिनांवर राहावेत म्हणून बाहेरून बारीक चकती झाळायची असते. झाळ आत शिरली तर दांडा कायमचा चिकटतो. त्यासाठी दांडा आणि चकती यांच्यामधे तेलात भिजवलेला पातळ कागद ठेवायचा, वरून झाळेचा एक कण द्यायचा आणि लगेच टोक उचलायचं. कागद फाडून काढला की नेमकी तेवढीच सैल जागा उरते.

मग गिअरबॉक्स. माझ्याकडचा ४० ला १ चा आहे. मोटरचे मिनिटाला १०,००० फेरे धरले तर चाकाचे २५० होतात. १४ मिलिमीटरच्या चाकानं इंजिन मिनिटाला साधारण ११ मीटर जाईल, आणि १:७६ च्या प्रमाणात हा ताशी ५० किलोमीटरचा वेग झाला. शंटिंगच्या इंजिनाला हा कमाल वेग पुष्कळ आहे. मोटरवरचा वर्म स्क्रू आणि दातेरी चाक यांच्यात कागदाच्या जाडीएवढी सैल जागा ठेवली, नाहीतर मोटर तापते.

७.४५

वीज रुळातून चाकात येते. एका बाजूच्या चाकांची वीज आसातून फ्रेमला मिळते. दुसऱ्या बाजूची चाकं आसापासून विद्युतरोधक असतात, त्यांच्या पाठीवर फॉस्फर ब्राँझच्या बारीक तारा हलक्या टेकवायच्या. तार जोरात टेकली तर चाकाला ब्रेक लागतो, सैल राहिली तर इंजिन थांबत थांबत जातं. हे काम मात्र माझ्या धंद्यातलं. काका आता प्रेक्षक झाले होते.

८.३०

दुकानातला १२ व्होल्टचा डीसी पुरवठा, हातभर रूळ. आधी ३ व्होल्ट. चाकं फिरली नाहीत, मोटर गुणगुणली. ४ ला सुटली. सांगाडा रुळाच्या टोकापर्यंत गेला, तारा उलट केल्यावर परत आला. आवाज घरघरीत होता. तो सुरुवातीला असतोच. बेअरिंगला आणि क्रँक पिनांना तेलाचा थेंब देऊन रुळावरून उचलून, चाकं हवेत ठेवून, दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास फिरवायचं. दाते एकमेकांना ओळखू लागतात आणि आवाज उतरतो.

काकांना परतीची गाडी धरायची होती. निघताना बजावून गेले, "चाकं मोकळे फिरून राह्यले न? मंग तुले काय सजवाचं थे सजव."

९.३०

टेबल आवरलं. उरलेले भाग पत्र्यातच ठेवले. सांगाडा डब्यात झाकला, कारण रात्री मोऱ्या-खिडक्यांतून धूळ येते आणि ती तेलावर बसते. पुढच्या सुट्टीला पायफळी, मग टाकी आणि बॉयलर. बॉयलरचा पत्रा गोल करायचा तर रबराच्या पॅडवर जाड सळई लोटावी लागेल. त्यानंतर बारीक सामान, ज्यासाठी १४५ अंशांवर वितळणारी झाळ वेगळी ठेवली आहे, म्हणजे आधीचे जोड सुटणार नाहीत. रंग सर्वांत शेवटी.

पहिलं पितळी इंजिन बांधणाऱ्यांना सांगायचं ते एवढंच. छोटं इंजिन घ्या, साइड रॉडपासून सुरुवात करा, आणि सांगाडा धावल्याशिवाय वरच्या पत्र्याला हात लावू नका. अर्धवट सोडलेले संच बहुधा उलट क्रमानं सुरू केलेले असतात. वर देखणं अंग तयार, खाली चाकं अडलेली, आणि मग डबा कपाटावर जातो.

आणि वऱ्हाडातल्या वाचकांना एक विनंती. झेडडीचा पत्रा कोरायला आम्ल, फिल्म आणि हात इथंच मिळतील. नाहीत ती मापं. मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ, या मार्गावरच्या कुठल्याही घरात त्या इंजिनाचा बाजूनं सरळ काढलेला फोटो असेल, शेजारी माणूस उभा असेल तर फारच उत्तम, कारण माणसाच्या उंचीवरून चाकाचं माप निघतं. कुणा फिटरच्या, ड्रायव्हरच्या पेटीत नोंदवही असेल, आराखड्याचा कागद असेल. तो रद्दीत घालू नका. त्याची नीट प्रत करून ठेवा. कागदावरच्या त्या आकड्यांशिवाय शकुंतलेचं इंजिन कुणालाच बांधता येणार नाही.